नुकसानभरपाईचा हुकूमनामा आणि नादार प्रतिवादी : पश्चिम भारतातील दिवाणी कैदेचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीने दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान केले तर तिने ते भरून द्यावे, हे तत्त्व सर्व समाजांत व सर्व काळांत मान्य झालेले दिसते. त्याबद्दल वाद फारसा नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. नुकसान करणाऱ्याजवळ भरून देण्यासारखे काहीच नसेल तर काय करावे? त्याच्या देहावर ताबा मिळवावा, त्याच्याकडून श्रम करवून घ्यावेत, त्याच्या मुलाबाळांना जबाबदार धरावे, की ज्याचे नुकसान झाले त्यानेच ते सोसावे? या प्रश्नाला कायद्याने वेळोवेळी दिलेली उत्तरे भिन्न आहेत आणि त्या भिन्नतेतून तत्कालीन समाजरचनेवर बराच प्रकाश पडतो.

या विषयाचा विचार सामान्यतः कर्जबाजारीपणाच्या इतिहासात केला जातो. दख्खनमधील सावकार व कुणबी यांच्या संबंधांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु कर्ज आणि नुकसानभरपाई यांत एक मूलभूत भेद आहे. कर्ज हे दोघांच्या संमतीने निर्माण होते. धनकोने ऋणकोची ऐपत पाहून, व्याजाचा दर ठरवून, धोका पत्करून पैसे दिलेले असतात. ज्याची कडब्याची गंज शेजाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे जळाली त्याने मात्र कोणताही धोका पत्करलेला नसतो. आपला ऋणको कोण असावा हे तो निवडत नाही. असे असूनही, एकदा न्यायालयाने रक्कम ठरवून हुकूमनामा दिला की ती रक्कम कोठून उद्भवली हे कायदा बहुतांशी विसरतो. कर्जाचा हुकूमनामा आणि नुकसानीचा हुकूमनामा बजावणीच्या वेळी एकाच रांगेत उभे राहतात. प्रस्तुत निबंधात या विस्मरणाचे परिणाम मुख्यतः मुंबई इलाख्याच्या संदर्भात तपासले आहेत.

स्मृतिग्रंथांतील व्यवस्था

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असे सांगितले आहे की, जाणूनबुजून किंवा अजाणता, कोणत्याही प्रकारे दुसऱ्याच्या वस्तूंची नासधूस करणाऱ्याने त्या वस्तूच्या मालकाचे समाधान करावे आणि तेवढीच रक्कम राजाला दंड म्हणून द्यावी. हा नियम दोन कारणांसाठी लक्षणीय आहे. एक तर त्यात हेतूला महत्त्व नाही, नुकसान झाले एवढे पुरे. दुसरे म्हणजे भरपाई आणि दंड या दोन गोष्टी त्यात वेगळ्या ओळखल्या आहेत. चामड्याच्या, लाकडाच्या व मातीच्या भांड्यांच्या, तसेच फुले, मुळे व फळे यांच्या नुकसानीबद्दल किमतीच्या पाचपट दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत पिकाच्या नासाडीबद्दल म्हशीसाठी आठ माष, गाईसाठी त्याच्या निम्मे व शेळ्यामेंढ्यांसाठी त्याच्याही निम्मे असा दर आहे. शेती व पशुपालन शेजारी शेजारी असलेल्या समाजात हा तंटा नित्याचाच असणार, हे उघड आहे.

दंड देण्याची ऐपत नसेल तर काय, याचे उत्तर मनूच्या नवव्या अध्यायात येते. क्षत्रिय, वैश्य व शूद्र यांनी श्रम करून दंडाची फेड करावी, ब्राह्मणाने मात्र हळूहळू, म्हणजे आजच्या भाषेत हप्त्याहप्त्याने, रक्कम द्यावी. ऋणाच्या बाबतीतही तेच. समान अथवा कनिष्ठ वर्णाच्या ऋणकोने श्रमाने ऋण फेडावे, श्रेष्ठ वर्णाच्या ऋणकोने सवडीने. दंडाविषयीच्या श्लोकानंतर लगेच स्त्रिया, बालके, उन्मत्त, वृद्ध, दरिद्री व रोगी यांचा उल्लेख येतो. त्यांना राजाने छडी, वेळूची कांब, दोरी इत्यादींनी शिक्षा करावी असे सांगितले आहे. ही तरतूद मुळात सौम्यतेच्या भूमिकेतून केली असावी असे काही अभ्यासक मानतात. तथापि ज्याच्याजवळ धनही नाही आणि श्रमशक्तीही नाही त्याच्याकडे वसूल करण्यासारखे शेवटी शरीरच उरते, हे या श्लोकात जितके स्पष्ट दिसते तितके नंतरच्या कोणत्याही अधिनियमात दिसत नाही. नारदाने दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत मोठ्या ऋणातून सोडविला गेल्यामुळे दास झालेल्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

वर्णभेदावर आधारलेली ही विषमता समर्थनीय नाहीच. परंतु हप्तेबंदी आणि श्रमाद्वारे फेड या दोन्ही कल्पना येथे स्वच्छ मांडलेल्या आहेत, हे लक्षात ठेवणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे.

तगाद्यापासून तुरुंगाकडे

पेशवाईत न्यायदान गोतसभा, पंचायत आणि शेवटी सरकारी न्यायाधीश यांच्यामार्फत चाले. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई. म्हणजे सरकारचा हिस्सा दोन्हीकडून निघे. रकमेची प्रत्यक्ष वसुली मात्र मोठ्या प्रमाणात फिर्यादीवरच सोपविलेली असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात 'तगादा' या प्रथेचे तपशीलवार वर्णन केले आहे. नुसत्या मागणीपासून तिचा आरंभ होई. मग दारात धरणे, ऋणकोवर पहारा, त्याचे अन्नपाणी रोखणे आणि शेवटी भर उन्हात डोक्यावर जड दगड देऊन एका पायावर उभे करणे, येथवर तगाद्याच्या पायऱ्या चढत जात. सरकार त्यात सहसा पडत नसे.

खाजगी बळजबरीची ही प्रथा इंग्रजी अमलात मोडून काढण्यात आली असे म्हटले जाते. ते अंशतःच खरे आहे. बळजबरी नाहीशी झाली नाही, ती सरकारजमा झाली. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने दिवाणी न्यायालयांची कार्यपद्धती आखून दिली आणि १८५९ च्या आठव्या अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानात पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आणली. तिच्यानुसार हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी ऋणकोला अटक करून दिवाणी तुरुंगात ठेवता येत असे. रक्कम ५० रुपयांपर्यंत असेल तर तीन महिने, ५०० रुपयांपर्यंत असेल तर सहा महिने आणि त्याहून अधिक असेल तर दोन वर्षे ही कमाल मुदत होती. कैद्याच्या पोटाचा खर्च मात्र हुकूमनामेदाराने न्यायालयात भरावयाचा. तो भरणे थांबले की कैदी सुटे. ही तरतूद काहीशी विचित्र वाटते, पण तिच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. ही कैद राज्याने गुन्ह्याबद्दल दिलेली शिक्षा नव्हती. ते एका नागरिकाने दुसऱ्यावर, स्वतःच्या खर्चाने, चालविलेले दडपण होते. दगड गेला आणि त्याजागी भत्ता आला.

दिवाणी कैदेचे तत्त्व असे सांगितले जाई की, ती शिक्षा नसून दडवून ठेवलेली मालमत्ता बाहेर काढण्याचा उपाय आहे. दडविलेली मालमत्ता असेल तेथे हा उपाय लागू पडतो. जेथे काहीच दडविलेले नाही तेथे तो नातलगांकडून खंडणी वसूल करण्याचा मार्ग ठरतो. आणि प्रत्यक्ष कैदेपेक्षा कैदेची धमकी अधिक परिणामकारक ठरते. अटकेचे वॉरंट दाखवून नवे, वाढीव रकमेचे खत लिहून घेणे हा त्या काळच्या सावकारी व्यवहारातील परिचित प्रकार होता.

१८७५ चे दंगे आणि जळालेले कागद

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यामागील आर्थिक कारणे, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धानंतर कोसळलेले कापसाचे भाव, सरकारी साऱ्यातील वाढ, आटलेली पत, ही सुविदित आहेत. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते दंगेखोरांनी कशावर हल्ला केला याकडे. त्यांचा रोख मुख्यतः खते, रोखे व हुकूमनामे यांवर होता. कागद हाती पडल्यावर बहुतेक ठिकाणी पुढील हिंसा झाली नाही, असे दख्खन दंगे आयोगाच्या पाहणीत दिसून आले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही घटना फार बोलकी आहे. दुसऱ्याची मालमत्ता नष्ट करण्याचीच ती कृती होती, परंतु नष्ट केलेल्या वस्तूची किंमत किती धरावयाची? कागद म्हणून ती काही आण्यांची होती, कर्जाचा पुरावा म्हणून शेकडो रुपयांची. १८६० च्या भारतीय दंड संहितेने मूल्यवान रोखा नष्ट करणे हा स्वतंत्र व गंभीर अपराध मानला होता. दिवाणी बाजूने पाहिले तर १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ६५व्या कलमाने मूळ दस्त नष्ट झाला असल्यास दुय्यम पुरावा देण्याची मुभा ठेवलेली होती. त्यामुळे खत जाळल्याने कर्ज जळत नव्हते, ते सिद्ध करणे तेवढे अवघड होत होते. कुणब्यांनी कागदाला जी शक्ती आहे असे मानले ती कायद्याच्या दृष्टीने त्यात नव्हती. त्यांचा अनुभव मात्र वेगळा होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. एकतर्फी हुकूमनाम्यांच्या काळात कागद हाच साक्षीदार आणि कागद हाच न्यायाधीश होऊन बसला होता.

आयोगाचा अहवाल, १८७७ ची सुधारित दिवाणी प्रक्रिया संहिता आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा क्रम अभ्यासकांना परिचित आहे. १८७७ च्या संहितेने कैदेची कमाल मुदत सहा महिन्यांवर आणि ५० रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी सहा आठवड्यांवर आणली. १८७९ चा सतरावा अधिनियम त्याच्या पुढे गेला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत कोणत्याही शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत अटक किंवा कैद करता येणार नाही, असे त्याच्या २१व्या कलमाने ठरविले. ज्या जमिनीचे रीतसर गहाण झालेले नाही तिची जप्ती व विक्री पुढच्याच कलमाने रोखली. हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर नियुक्ती होण्यापूर्वी याच कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम पाहिले. १९०५ मध्ये कायद्याची व्याप्ती इलाख्याच्या इतर जिल्ह्यांपर्यंत नेण्यात आली.

या कायद्याची स्तुती व टीका दोन्ही सावकार-कुणबी या चौकटीतच झाली. २१व्या कलमाची शब्दरचना मात्र त्या चौकटीबाहेर जाते. तेथे 'कर्जाचा हुकूमनामा' असे म्हटलेले नाही, 'पैशाचा हुकूमनामा' असे म्हटले आहे. तेव्हा एका कुणब्याने दुसऱ्या कुणब्याची गंज जाळली, विहीर बुजविली वा बांध फोडला आणि न्यायालयाने नुकसानीची रक्कम ठरवून दिली, तर या शब्दांनुसार तो हुकूमनामाही पैशाचाच होतो आणि नुकसान करणाऱ्या शेतकऱ्यास तेच संरक्षण मिळते. सावकाराच्या मगरमिठीतून सोडविण्यासाठी केलेली तरतूद शेजाऱ्याच्या दाव्यावरही तितकीच बंधनकारक ठरते. कायदा करणाऱ्यांना हे अभिप्रेत होते काय, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एवढे म्हणता येते की, संरक्षणाचा विचार होताना नुकसान सोसणारा गरीब हा कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता. शेतकरी सदैव ऋणकोच असतो, तो कधी वादीही असू शकतो, हे गृहीत धरलेलेच नव्हते.

कोंडवाडा

ग्रामीण भागातील नुकसानीचा सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे मोकाट जनावरांनी खाल्लेले पीक. तेथे दावा, हुकूमनामा व दरखास्त हा लांबचा रस्ता कोणालाच परवडणारा नव्हता. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने शेताच्या मालकास वा कसणाऱ्यास अशी जनावरे पकडून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठविण्याचा अधिकार दिला. दंड व चाऱ्याचा खर्च भरून मालकाने जनावर सोडवावे. सात दिवसांत कोणी आले नाही तर नोटीस काढून पुढे लिलाव.

वरकरणी ही व्यवस्था सुटसुटीत दिसते. तिच्यातील मेख अशी की, कोंडवाड्याचा दंड पीक गेलेल्या शेतकऱ्यास मिळत नाही. त्याला भरपाई हवी असेल तर त्याने वेगळा दावा करावा, तो हक्क कायद्याने शाबूत ठेवला आहे एवढेच. मनूने मालकाचे समाधान आणि राजाचा दंड अशी दोन देणी सांगितली होती. येथे दुसरे तेवढे तत्परतेने वसूल होते. ज्या भूमिहीनाची एकुलती एक शेळी कोंडली गेली त्याला दंड भरणे जमले नाही तर शेळी जाते, आणि पीक गेलेला शेतकरीही रिकाम्या हातानेच राहतो.

नादारी आणि पितृऋण

देणे देता येत नाही असे न्यायालयापुढे मान्य करून मोकळे होण्याचा मार्ग मुंबई शहरात १८२८ पासून, पार्लमेंटने केलेल्या कायद्यान्वये, उपलब्ध होता. मुफसलात मात्र त्यासाठी स्वतंत्र कायदा १९०७ मध्ये आला. १९०९ चा इलाखा शहरांसाठीचा व १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम यांनी ही व्यवस्था स्थिर केली. तथापि या दोन्ही अधिनियमांत एक अपवाद आहे. करार किंवा विश्वासभंग यांखेरीज अन्य कारणाने उद्भवलेली व रक्कम निश्चित न झालेली नुकसानभरपाईची मागणी नादारीच्या कार्यवाहीत शाबीत करता येत नाही. याचा अर्थ दुहेरी आहे. ज्याचे घर पडले त्याला, हुकूमनामा हाती येईपर्यंत, इतर धनकोंच्या पंक्तीत बसता येत नाही आणि नादाराच्या उरल्यासुरल्या मालमत्तेतून वाटा मिळत नाही. उलट, जे देणे शाबीत होऊ शकत नाही त्यातून नादाराची सुटकाही होत नाही. दोन्ही पक्ष दाराबाहेर राहतात. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनेही निष्काळजीपणा, उपद्रव अथवा कायदेशीर कर्तव्याचा भंग यांबद्दलच्या नुकसानभरपाईस 'वगळलेले ऋण' म्हणून बाजूला ठेवले आहे. व्यक्तींच्या नादारीसंबंधीचा त्या संहितेचा भाग डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू करण्यात आला हे खरे, पण विचाराची दिशा शतकभर बदललेली नाही.

हिंदू एकत्र कुटुंबात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानले गेले, परंतु याज्ञवल्क्याने मद्य, काम व द्यूत यांसाठी केलेले ऋण आणि दंड वा शुल्क यांची राहिलेली बाकी पुत्राने देऊ नये असे सांगितले. अशा ऋणास 'अव्यावहारिक' ही संज्ञा रूढ झाली. मग पित्याने दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान केले आणि भरपाईचा हुकूमनामा होऊन तो निर्धन अवस्थेत मरण पावला, तर पुत्राच्या हिश्शावर बोजा येतो काय? १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दरबार खाचर विरुद्ध खाचर हरसूर या खटल्यात नकारार्थी उत्तर दिले. पित्याने पाण्याचा प्रवाह बेकायदेशीरपणे अडविल्याबद्दलचा तो हुकूमनामा होता. सभ्य व प्रतिष्ठित माणसाने जे ऋण करावयास नको होते ते अव्यावहारिक, अशी व्यापक व्याख्या न्यायालयाने स्वीकारली. पुत्र सुटला. ज्याचे पाणी अडले त्याच्या हाती मात्र कागदच राहिला.

कलकत्ता उच्च न्यायालयाने १९११ मध्ये या व्याख्येशी असहमती दर्शविली. अखेर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जकाती विरुद्ध बोरकर या, मुंबई इलाख्यातूनच आलेल्या, खटल्यात कोलब्रुकने केलेला 'नीतीस विघातक' हा संकुचित अर्थ पत्करला. त्यातील पिता धारवाड येथील एका सहकारी बँकेचा संचालक होता आणि कर्तव्यातील हयगयीमुळे बँकेचे झालेले नुकसान भरून देण्याचा आदेश त्याच्यावर झाला होता. हयगय म्हणजे अनीती नव्हे, तेव्हा ते ऋण अव्यावहारिक नाही आणि पुत्रांचे हिस्से त्यास बांधील आहेत, असा निर्णय झाला.

या दोन निर्णयांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्यात पित्याच्या कृतीतील दोष जितका मोठा तितका पुत्र सुरक्षित, आणि नुकसान झालेला तितकाच वंचित. दुसऱ्यात दोष सौम्य ठरला म्हणून वसुली शक्य झाली. अपकृत्य गंभीर असेल तर भरपाईची शक्यता कमी व्हावी, हा निष्कर्ष सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला पटणे कठीण आहे. पण पुत्राच्या बाजूने पाहिले असता, ज्या कृत्यात त्याचा हात नाही त्यासाठी त्याचे घर का जावे, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने पवित्र कर्तव्याच्या या तत्त्वावर नव्या ऋणांपुरता पडदा टाकला. त्यानंतर वारसाकडून वसुली होते ती मृताकडून त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच.

ऐपत आणि दुराग्रह

दिवाणी कैदेचे उच्चाटन न होता तिचे क्रमशः आकुंचन होत गेले. १८८८ मध्ये पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रियांना अटक करण्यास मनाई झाली. १९०८ च्या संहितेने ती तरतूद पुढे चालविली आणि ६०व्या कलमात अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे ही जप्तीतून वगळली. रॉयल लेबर कमिशनने १९३१ च्या अहवालात अल्प वेतनाच्या कामगारांना कर्जासाठी कैद करू नये, देण्याची ऐपत असून नाकारल्याचे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी, अशी शिफारस केली. १९३६ मध्ये ५१व्या कलमास परंतुक जोडले गेले. ऋणको पळून जाण्याची शक्यता, मालमत्तेची अप्रामाणिक विल्हेवाट, ऐपत असूनही देण्यास नकार किंवा हयगय, अथवा विश्वस्त नात्याने देणे असलेली रक्कम, यांपैकी काही असल्याचे न्यायालयाचे कारणांसह समाधान झाल्यावाचून कैद करता येत नाही. १९७६ च्या सुधारणेने ५०० रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी कैद बंद केली आणि कमाल मुदत तीन महिन्यांवर आणली. १९९९ च्या सुधारणेने, जी १ जुलै २००२ पासून अमलात आली, ही मर्यादा २००० रुपयांवर नेली.

या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ४ फेब्रुवारी १९८० चा जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन हा निर्णय. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्यात स्पष्ट केले की, हुकूमनाम्यानंतर कधीतरी ऋणकोजवळ पैसे होते एवढ्यावरून कैद करता येणार नाही. देण्याची ऐपत असून दुराग्रहाने, वाईट हेतूने न देणे आवश्यक आहे. निव्वळ दारिद्र्यापायी एखाद्यास तुरुंगात टाकणे संविधानाच्या २१व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरते. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील ११व्या अनुच्छेदाचा आधारही त्यांनी घेतला. भारताने या करारास १० एप्रिल १९७९ रोजी मान्यता दिली होती.

येथे एक तपशील बारकाईने पाहिला पाहिजे. उपरोक्त ११व्या अनुच्छेदात *करारातून* उद्भवलेले दायित्व पार पाडता आले नाही एवढ्याच कारणावरून कैद करू नये असे म्हटले आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान करणाऱ्याचे दायित्व करारातून उद्भवत नाही. तेव्हा आंतरराष्ट्रीय कराराचे ते अभय त्याला शब्दशः लागू पडत नाही. त्याला जे संरक्षण मिळते ते १९३६ च्या परंतुकामुळे व २१व्या अनुच्छेदामुळे. कारण परंतुक 'पैशाच्या हुकूमनाम्या'विषयी बोलते, तो कशातून आला हे विचारत नाही. निबंधाच्या आरंभी ज्याला विस्मरण म्हटले ते येथे नादार प्रतिवादीच्या उपयोगी पडले आहे. बँकेचा कर्जदार डोळ्यांपुढे ठेवून दिलेल्या निर्णयाची सावली अपघाताने दुसऱ्याचे दुकान पाडणाऱ्या मजुरावरही पडते. अध्यापनात हा निर्णय अनेकदा केवळ कर्जाच्या संदर्भात शिकविला जातो. त्याची ही दुसरी बाजू विद्यार्थ्यांपुढे येणे गरजेचे आहे.

कैद टळली म्हणजे देणे फिटले असे मात्र नव्हे. ५८व्या कलमानुसार कैदेतून सुटलेला ऋणकोही देण्यातून सुटत नाही, त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा अटक होत नाही एवढेच. हुकूमनाम्याची बजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. तेवढ्या काळात मजुराच्या नावावर घर झाले, जमीन आली, तर जप्तीची दरखास्त येऊ शकते. न आल्यास मुदत संपते.

फौजदारी मार्ग

दिवाणी तुरुंगाचे दार असे अरुंद होत असताना फौजदारी दार रुंद होत गेले. हेतुपुरस्सर किंवा परिणामाची जाणीव असताना नुकसान करणे हा भारतीय दंड संहितेखाली 'आगळीक' हा गुन्हा होता. केवळ निष्काळजीपणा त्यात येत नसे. ५० रुपये वा त्याहून अधिक नुकसानीस दोन वर्षांपर्यंत कैद होती, आणि १८६० चा हा ५० रुपयांचा आकडा संहिता रद्द होईपर्यंत तसाच राहिला. दंड न भरल्यास भोगावयाची कैद वेगळी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ३५७व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने दंड नसतानाही भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. १९८८ मध्ये हरिसिंग विरुद्ध सुखबीर सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, ही भरपाई वसूल करण्यासाठी न भरल्यास कैद, अशी शर्त घालता येईल असे मत दिले. भरपाई ठरविताना आरोपीची ऐपत पाहावी, हप्ते द्यावेत, हेही त्याच निर्णयात आहे. तरीही परिणाम लक्षणीय आहे. दिवाणी न्यायालयाने ठरविलेल्या ज्या रकमेसाठी, ऐपत नसताना, एक दिवसही तुरुंगात ठेवता येत नाही, तेवढीच रक्कम फौजदारी न्यायालयाने ठरविली तर न भरणारा तुरुंगात जाऊ शकतो.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२४व्या कलमात आगळिकीचे आकडे बदलले. वीस हजार ते एक लाख रुपयांपर्यंतच्या नुकसानीस दोन वर्षांपर्यंत, एक लाख व त्याहून अधिक नुकसानीस पाच वर्षांपर्यंत कैद. याच संहितेने समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आणली आणि पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी, वस्तू वा तिची किंमत परत केल्यास, तिच्या कक्षेत ठेवली. आगळिकीसाठी मात्र हा पर्याय दिलेला नाही. शेजाऱ्याची कोंबडी चोरून नंतर तिचे पैसे देणाऱ्यास श्रमाने मोकळे होता येते. शेजाऱ्याचे खुराडे मोडणाऱ्यापुढे दंड आणि कैद हे दोनच मार्ग आहेत.